किडनीची जुळणी आणि वंशभेद

प्रश्न : माझा धाकटा भाऊ गलाई व्यवसायानिमित्त आसाममध्ये स्थायिक झाला आणि त्याने तिथल्याच मुलीशी लग्न केले. किडन्या निकामी झाल्यामुळे तो विट्याला परतला असून डायलिसिसवर आहे. दोघांचाही रक्तगट ‘बी’ आहे आणि भावजय किडनी द्यायला तयार आहे. मात्र तिचा वंशच वेगळा असल्याने किडनी टिकणार नाही, सख्ख्या बहिणीचीच जुळेल, असे नातेवाईक म्हणतात. अमेरिकेत गोऱ्यांची किडनी कृष्णवर्णीयांना जुळत नाही, असेही वाचनात आले. यात तथ्य किती?
— एक वाचक, विटा (जि. सांगली)

उत्तर : ऊतिजुळणीत प्रामुख्याने एचएलए नावाची, शरीराला आपले-परके ओळखू देणारी पेशींवरची प्रथिने तपासतात. त्यांची जनुके सहाव्या गुणसूत्रावर जवळजवळ असल्याने बहुधा एक अख्खा संच आईकडून आणि एक वडिलांकडून येतो. परिणामी सख्ख्या भावंडांत दोन्ही संच जुळण्याची शक्यता २५ टक्के, एकच जुळण्याची ५० टक्के आणि एकही न जुळण्याची २५ टक्के असते. केवळ सख्खेपणावरून जुळणीची खात्री देता येत नाही.

या प्रथिनांचे प्रकार हजारो असून कोणता प्रकार किती जणांत आढळतो, याचे प्रमाण लोकसमूहागणिक बदलते, हे खरे. आपण वाचलेल्या गोष्टीचे मूळ त्यात आहे. अमेरिकेत मृत दात्यांच्या किडन्यांचे वाटप करताना जुळणीला गुण दिले जात. दाते बहुसंख्येने गोरे असल्यामुळे ते गुण गोऱ्या रुग्णांच्या पदरात अधिक पडत आणि कृष्णवर्णीय रुग्ण प्रतीक्षायादीत मागे राहत. म्हणूनच २००३ मध्ये एचएलए-बी या घटकाच्या जुळणीचे गुण रद्द करण्यात आले. गोऱ्या दात्याची किडनी कृष्णवर्णीय रुग्णाला बसवण्याच्या शस्त्रक्रिया तिथे नेहमी होतात. आपल्याकडेही एकाच गावातल्या, एकाच जातीच्या दोन परक्या माणसांची एचएलए पूर्णपणे जुळणे दुर्मिळच. तेव्हा सोयरीक जमवतानाचे निकष नातेवाइकांनी इथे लावू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

पती-पत्नींची ऊतिजुळणी सहसा कमीच असते. तरीही १९९५ मध्ये पॉल तेरासाकी आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतील आकडेवारीनुसार जोडीदाराने दिलेल्या किडन्यांपैकी ८५ टक्के तीन वर्षांनंतर कार्यरत होत्या, तर आईवडिलांनी दिलेल्यांचे प्रमाण ८२ टक्के होते. जिवंत दात्याची निरोगी किडनी वेळेवर मिळाली, तर जुळणीतील उणीव बऱ्याच अंशी भरून निघते. अर्थात प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे नियमित घ्यावीच लागतात.

निर्णायक ठरते ती क्रॉसमॅच चाचणी. भावजयीच्या पांढऱ्या पेशींविरुद्ध भावाच्या रक्तात प्रतिपिंडे (परक्या पेशींवर हल्ला करणारी प्रथिने, म्हणजे अँटीबॉडीज) आहेत का, हे तीत कळते. अशी प्रतिपिंडे रक्त चढवल्याने, आधीच्या प्रत्यारोपणामुळे किंवा गरोदरपणात तयार होतात. पती पत्नीला किडनी देतो तेव्हा या कारणाने अधिक सावध राहावे लागते, कारण पतीकडून गर्भात आलेल्या प्रथिनांविरुद्ध तिच्या शरीरात प्रतिपिंडे असू शकतात. आपल्या घरी देणारी पत्नी असल्याने तिची बाळंतपणे आड येत नाहीत. भावाला मात्र डायलिसिसच्या काळात टाळता येण्याजोगे रक्त चढवणे टाळता येईल का, हे डॉक्टरांना अवश्य विचारावे.

१९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार पत्नी आणि बहीण दोघीही जवळच्या नातलगांत मोडतात. दोघींचीही तपासणी करून घेता येईल. क्रॉसमॅच प्रतिकूल आली, तर दुसऱ्या कुटुंबाशी दात्यांची अदलाबदल करण्याची तरतूदही कायद्यात आहे.