मानधनाला खाडा असतो का?

एका वाचक भगिनीने विचारले आहे की, त्या एका खासगी वाचनालयात सहा वर्षे रोज आठ तास काम करत आहेत, हजेरीपटावर सही करतात, आणि त्यांच्या नियुक्तिपत्रात 'दरमहा मानधन' असे शब्द आहेत. नोकरी सोडताना मिळणाऱ्या उपदानाची, म्हणजे ग्रॅच्युइटीची, चौकशी केली तेव्हा 'तुम्हाला पगार नाही, मानधन आहे' असे उत्तर त्यांना मिळाले. मानधन आणि पगार हे खरोखर वेगळे आहेत का, असा त्यांचा प्रश्न आहे.

शब्द वेगळे आहेत, यात शंका नाही. मात्र त्यांच्या नियुक्तिपत्रात तो शब्द चुकीच्या जागी बसवला आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

'मानधन' हा जुना संस्कृत शब्द असला तरी संस्कृतात ते पैशाचे नाव नाही, माणसाचे विशेषण आहे. 'मान हेच ज्याचे धन' असा तो बहुव्रीही समास होय. संस्कृत कवी भारवीच्या 'किरातार्जुनीय' या महाकाव्यात पहिल्याच सर्गात दुर्योधनाच्या पदरी असलेल्या धनुर्धरांना 'मानधन' म्हटले आहे आणि त्याला लागूनच 'धनार्चित', म्हणजे धनाने गौरवलेले, असे दुसरे विशेषण जोडले आहे. मान दिला म्हणून धन देण्याची गरज उरली नाही, असा अर्थ तिथे नाही. मराठीने हा समास फिरवून घेतला आणि 'मानाप्रीत्यर्थ दिलेले धन' असा अर्थ रूढ केला. ज्या कामाचा दर आधी ठरवलेला नसतो, किंबहुना दर ठरवणेच अवघड वाटते, अशा कामासाठी तो शोभतो: व्याख्यात्याला, परीक्षकाला, दिवाळी अंकातल्या लेखकाला. त्याचे जुने भावंड म्हणजे कीर्तनकाराची किंवा गवयाची बिदागी.

'पगार' पोर्तुगीजांकडून आला. त्यांच्या भाषेत 'पगार' हे क्रियापदच आहे आणि त्याचा अर्थ पैसे चुकते करणे. 'मजुरी'च्या मुळाशी फारसी 'मुझ्द', म्हणजे श्रमाचा मोबदला, आहे. 'वेतन' संस्कृतातून आले आणि कायद्याच्या मराठीत स्थिरावले. या तिन्ही शब्दांत देणेकऱ्यावरचे देणे गृहीत आहे.

पण व्युत्पत्तीपेक्षा शब्दांची सोबत अधिक खरे सांगते. पगार होतो, थकतो, वाढतो, कापला जातो. रजा पगारी असते किंवा बिनपगारी असते. मानधन अर्पण करतात, स्वीकारतात, कधी नम्रपणे नाकारतात. मानधन थकत नाही आणि कापलेही जात नाही, कारण त्याला खाडा नसतो. एखादा वक्ता आला नाही तर व्याख्यान होत नाही, एवढेच. 'त्यांचे दोन खाडे झाले' असे कोणी म्हणत नाही. म्हणूनच अंगणवाडी सेविकांच्या 'थकीत मानधना'ची बातमी वाचताना कानाला खटकते. 'थकीत' हे विशेषणच सांगते की ती रक्कम कमावलेली आहे आणि देणाऱ्याकडे अडकली आहे.

काही वर्षांपूर्वी एका संस्थेच्या नियुक्तिपत्राचा मसुदा शुद्धलेखनासाठी माझ्याकडे आला होता. टंकलिखित मजकुरात जिथे जिथे 'वेतन' होते, तिथे तो शब्द निळ्या शाईने खोडून वर 'मानधन' लिहिले होते. सातव्या कलमात मात्र त्यामुळे असे वाक्य तयार झाले: 'पूर्वपरवानगीशिवाय गैरहजर राहिल्यास त्या दिवसांचे मानधन कापण्यात येईल.' मी कागदाच्या कडेच्या कोऱ्या जागेत 'वेतन हाच शब्द योग्य' असे लिहून मसुदा परत केला. छापून आलेल्या प्रतीत 'मानधन'च होते. शब्द बदलला, पण काम, वेळ, हजेरी आणि कपात यांतले काहीही बदलले नाही, ही गोष्ट मला अजूनही अस्वस्थ करते.

कायदाही नावाला भुलत नाही. उपदान अधिनियम 1972 मध्ये वेतनाची व्याख्या कर्मचाऱ्याने कामावर असताना किंवा रजेवर असताना मिळवलेली सर्व प्राप्ती अशी व्यापक होती. बोनस, कमिशन, घरभाडे भत्ता अशा काही रकमाच तिच्यातून वगळल्या होत्या. गुजरातमधल्या दाहोद जिल्ह्यातल्या अंगणवाडी सेविका आणि मदतनीस याच कायद्याखाली भांडत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या. त्यांना मिळते ते मानधन आहे, वेतन नव्हे, हा त्यांच्याविरुद्धचा एक प्रमुख युक्तिवाद होता. न्यायमूर्ती अजय रस्तोगी आणि न्यायमूर्ती अभय ओक यांनी एप्रिल 2022 मध्ये तो अमान्य केला: हे मानधन वेतनाच्या व्याख्येत बसते आणि सेविका व मदतनीस उपदानास पात्र आहेत. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही वेतनाची व्याख्या पगार, भत्ते 'किंवा अन्य' कोणत्याही रूपाने मिळणारा मोबदला अशीच सुरू होते. त्या 'किंवा अन्य' या दोन शब्दांत 'मानधन' सहज मावते. किमान वेतनापेक्षा कमी रकमेवर काम करण्याचे कर्मचाऱ्याने लिहून दिले तरी तसा करार कायद्यापुढे टिकत नाही, हेही इथे सांगितले पाहिजे.

उपदानासाठी सर्वसाधारणपणे दोन गोष्टी पाहतात: आस्थापनेत दहा किंवा अधिक कर्मचारी असणे आणि पाच वर्षांची सलग सेवा. रक्कम दर पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांच्या वेतनाइतकी असते आणि ते पंधरा दिवस मोजताना महिना सव्वीस दिवसांचा धरतात. या अटींत मोबदल्याला कागदावर कोणते नाव दिले आहे, याचा उल्लेख कुठेही नाही. त्यामुळे विचारणाऱ्या भगिनींनी पाहायला हवे ते वाचनालयात किती जण कामाला आहेत हे.

अर्ज लिहिताना त्यांनी 'माझे मानधन' असे लिहू नये. 'माझे दरमहाचे वेतन (नियुक्तिपत्रात "मानधन" असा उल्लेख)' असे लिहावे, आणि हजेरीपटाच्या व बँकेच्या नोंदींच्या प्रती सोबत जोडाव्यात. खाडे धरून कपात झालेला एखादा महिना असेल, तर त्या महिन्याची नोंद सर्वांत वर ठेवावी.