‘तपासलं आहे’ म्हणजे नेमकं काय तपासलं?

प्रश्न : ताई, मी सातारा जिल्ह्यातल्या एका छोट्या पतसंस्थेत व्यवस्थापक आहे. मागच्या महिन्यात एका सभासदाला पंधरा वर्षांचं घरतारण कर्ज दिलं. हप्त्यांचा तक्ता छापला, तर 5 जानेवारी 2038 पर्यंत सगळं नीट, आणि त्याच्या पुढचा हप्ता एकदम 30 डिसेंबर 1901 ला! सॉफ्टवेअरवाल्यांनी दोन दिवसांत दुरुस्ती पाठवली, सोबत ‘प्रणाली 2038 साठी पूर्ण तपासली आहे’ असं पत्र. तक्ता आता बरोबर येतो. संचालक म्हणतात, विषय संपला. माझं मन मानत नाही. मी उगाच काळजी करतोय का?

उत्तर : मुळीच नाही. तुमच्या जागी मी असते तर मीही ते पत्र फाइलला लावून शांत बसले नसते.

आधी हे होतं कशामुळे ते सांगते. पुष्कळ प्रणाली 1 जानेवारी 1970 पासूनचे सेकंद मोजून वेळ ठेवतात. हा आकडा 32 बिटांच्या, म्हणजे 32 शून्य-एकांच्या, जागेत ठेवला असेल, तर तो 2,14,74,83,647 च्या पुढे जाऊ शकत नाही. भारतीय वेळेनुसार 19 जानेवारी 2038 ला, मंगळवारी सकाळी 8 वाजून 44 मिनिटं 7 सेकंदांनी ती जागा भरते. पुढच्या सेकंदाला आकडा उणे होतो आणि घड्याळ 1901 च्या डिसेंबरात जातं. पण तुमच्या कर्जाने दाखवलंच की त्या सकाळची वाट पाहावी लागत नाही. पुढची तारीख काढणारा प्रोग्राम आजच अडकतो.

1999 साली मी अंधेरीच्या सीप्झ या औद्योगिक वसाहतीत कोबोल या संगणकभाषेत प्रोग्राम लिहीत होते. एका परदेशी विमा कंपनीच्या प्रोग्राममधली दोन आकडी वर्षं (‘99’) आम्ही चार आकडी (‘1999’) करत होतो, नाहीतर 2000 साल ‘00’ म्हणून 1900 समजलं गेलं असतं. चाचणीच्या मशीनचं घड्याळ पुढे नेऊन 31 डिसेंबरची रात्र कितीतरी वेळा काढली. 29 फेब्रुवारी 2000 तपासली, वर्षाचा 366 वा दिवसही तपासला. सगळं पास. तरी आमच्या गटातल्या एका मुलीने हट्ट धरला, ग्राहकाकडची खरी टेप, म्हणजे चुंबकीय फितीवरचा खरा डेटा, मागवा. तोवरचा सगळा चाचणीचा डेटा आम्हीच बनवलेला होता, त्यामुळे त्यात वर्ष चार आकडीच होतं. खरी टेप तिसऱ्याच एका कंपनीकडून येत होती आणि तिच्यात वर्ष अजून दोन आकडी. 2000 मध्ये नूतनीकरण असलेल्या पॉलिसी ‘00’ म्हणून यादीत सगळ्यात वर आल्या, म्हणजे सगळ्यात जुन्या, आणि आमच्या दुरुस्त केलेल्या प्रोग्रामने त्या बिनतक्रार रद्द ठरवल्या. ती यादी हातात धरलेली मला अजून आठवते.

31 डिसेंबरला दुपारी साडेचारला न्यूझीलंडमध्ये 2000 साल लागलं, तेव्हा आम्ही सगळे फोनपाशी बसलो होतो. काही झालं नाही. पुढे लोक म्हणू लागले, उगाच बाऊ केला. हे ऐकलं की मला आजही वाईट वाटतं, कारण सगळीकडे ‘काही झालं नाही’ असं नव्हतं. इंग्लंडमध्ये शेफील्डच्या एका प्रयोगशाळेचा संगणक 2000 सालच्या पहिल्या काही महिन्यांत गरोदर बायकांची वयं चुकीची मोजत राहिला आणि दीडशेहून अधिक जणींना, बाळाला डाउन सिंड्रोम हा जन्मजात विकार असण्याच्या, वयावरून काढलेल्या धोक्याचा चुकीचा निकाल गेला. संगणक बंद पडला नव्हता. तो रोज निकाल छापतच होता.

म्हणून तुमच्याकडेही बंद पडण्यापेक्षा गुपचूप चुकण्याची भीती जास्त आहे. पत्र लिहिणाऱ्याला विचारा : घड्याळ कोणत्या तारखेवर नेलं होतं, आणि डेटा कोणाचा होता? माहिती साठवणारा डेटाबेस ‘मायएसक्यूएल’ या नावाचा असेल तर मुदतीच्या तारखा ‘टाइमस्टॅम्प’ प्रकारात आहेत की ‘डेटटाइम’ मध्ये, हेही विचारा. पहिल्या प्रकाराची मर्यादा 2038 चीच आहे. तक्ता दुरुस्त झाला म्हणून व्याज आकारणी, थकबाकीची यादी, मुदतपूर्व फेड हे दुरुस्त झालं असं समजू नका. ते बहुधा वेगवेगळे प्रोग्राम असतात.

मग वेगळ्या संगणकावर तुमच्या खऱ्या डेटाची प्रत चढवायला लावा. घड्याळ 18 जानेवारी 2038 वर न्या आणि तुमच्या कारकुनाला दोन दिवसांचं नेहमीचं काम करू द्या : भरणा, पावती, दिवसअखेर. त्यानंतर 31 मार्च 2038 ची वर्षअखेर. घड्याळ पुढे गेलं की सॉफ्टवेअरचा परवाना संपल्याचं दाखवून ते उघडणारच नाही, असं होऊ शकतं. आमचा एक अख्खा आठवडा त्यात गेला होता. चाचणीपुरता परवाना आधीच मागून घ्या. त्या कर्जदाराच्या हप्त्याचं व्याज तुम्ही स्वतः कागदावर काढून ताडून पाहा.

आणि तो संगणक तुमच्या नेटवर्कला जोडू नका, एसएमएसही बंद ठेवा. 2038 ची एखादी नोंद खऱ्या खातेवहीत शिरली, तर ती शोधून काढायला महिने जातील, आणि सभासदांना थकबाकीचे संदेश गेले तर पतसंस्थेच्या दारात गर्दी होईल.