‘रीअशुरन्स’ला मराठीत काय म्हणायचं?

अगं, अनुवाद करताना शब्दकोशात पहिला दिसतो तो ‘आश्वासन’ उचलू नकोस. मुळात तो सुंदर शब्द, ‘श्वस्’ धातूचा, म्हणजे ज्यानं अडकलेला श्वास मोकळा होतो तो. पण निवडणुकांनी त्याची पार वाट लावली. आज आश्वासन म्हटलं की आपल्या इंदूरच्या राजवाड्यासमोरची प्रचारसभा आठवते.

आधी बघ, समोरच्याला काय वाटतंय. भीती असेल तर ‘धीर’. ऑपरेशनआधी डॉक्टर धीर देतात. रिपोर्ट चांगला आला तर ‘दिलासा’ मिळतो. फारसीतून आलेला, मनाला विसावा देणारा शब्द. शंका असेल तर ‘खात्री’. आणि कुणी गेलं असेल तर ‘सांत्वन’, पण तिथे इंग्रजीतही बहुधा ‘रीअशुरन्स’ हा शब्द नसतोच.

आपण इंदूरकर घरातही सर्रास ‘तसल्ली’ म्हणतो. संवादात खुशाल ठेव, पात्र इथलंच असेल तर गोडच वाटतं. पुण्याच्या वाचकासाठी मात्र बदल.

पुष्कळदा नामच नको. ‘तिने त्याला रीअशुरन्स दिला’ याचं ‘अरे, होईल सगळं नीट, ती म्हणाली’ एवढंच पुरतं.

एक खड्डा मात्र लक्षात ठेव. विम्याच्या जुन्या ब्रिटिश कागदांत याच शब्दाचा अर्थ पुनर्विमा, म्हणजे विमा कंपनीनं आपली जोखीम दुसऱ्या कंपनीकडे उतरवणं. मी सुरुवातीला तिथे ‘दिलासा करार’ लिहून मोकळा झालो होतो. तपासणाऱ्या काकांनी लाल पेनानं फक्त एवढंच लिहिलं: ‘कुणाला?’