गोठण्याच्या बोअरमुळे भूकंप येईल का?

प्रश्न : आमचं गाव पाटण तालुक्यात, कोयनेचे हादरे लहानपणापासून अंगवळणी पडलेले. पण गोठण्याला जमिनीत 3 किलोमीटर खोल बोअर मारलाय आणि सासूबाईंनी धसकाच घेतलाय की एवढं खोल खणून मोठा भूकंप ओढवून घेतला. असं होतं का? आणि एवढं खणून भूकंप आधी कळणार आहे का?

उत्तर : ताई, सासूबाईंची भीती समजू शकतो. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेचा 6.3 चा धक्का ज्यांनी सोसला त्यांना जमिनीशी कुणी खेळलेलं आवडणार नाहीच. पण हादरे बोअरच्या कितीतरी आधीपासूनचे आहेत, 1960 च्या दशकात शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय, भरायला लागला तेव्हापासूनचे, आणि बोअर झाला 2016-17 मध्ये.

खालच्या खडकात ताण आधीपासूनच साठलेला असतो, भेगाही असतात. धरणाच्या पाण्याचं वजन पडतं आणि पाणी भेगांतून खोल झिरपून आतला दाब वाढवतं, मग घट्ट बसलेली भेग सरकते. म्हणून पावसाळ्यात पाणी चढलं की त्यानंतर हादरे वाढलेले दिसतात. 1985 पासून वारणेचं धरण भरायला लागलं तसे हादरे दक्षिणेला, तिकडेही सरकले. म्हणजे धरण भूकंप तयार करत नाही, तयार होत आलेला लवकर सुटायला मदत करतं.

बोअरने मात्र असं काही होत नाही, एवढ्या प्रचंड कातळात ते एक बारीक भोक आहे. धोका असतो तो जोर लावून खाली पाणी कोंबण्यात. अमेरिकेत डेन्व्हरजवळ 1962 पासून लष्कराच्या कारखान्याचं सांडपाणी खोल विहिरीत पंपाने ढकललं आणि तिथे हादरे सुरू झाले होते. गोठण्याचा बोअर त्यासाठी नाहीये, तो आत काय चाललंय ते मोजायला आहे.

आणि मोजायला कोयनेसारखी जागा जगात क्वचितच मिळते. साधारण 20 बाय 30 किलोमीटरच्या पट्ट्यात इतकी वर्षं हादरे येताहेत आणि तेही फार खोल नाहीत, बहुतेक 10 किलोमीटरच्या आतच, म्हणजे जवळ जाऊन ऐकता येतं. वर सव्वा किलोमीटरच्या आसपास आपला काळा पाषाण, त्याखाली थेट ग्रॅनाइटसारखा जुना कातळ, आणि भूकंप होतात ते त्या कातळात. वरून मशीन ठेवलं तर तो आवाज एवढ्या थरांतून गढूळ होऊन येतो, वर गाड्यांचा, पाण्याचा गोंगाट वेगळाच. खाली तापमान किती, ताण कुठल्या दिशेने, भेगांत पाणी आहे का, हे सगळं पूर्वी अंदाजाने सांगायचे, आता खडक हातात घेऊन सांगता येतं. कराडजवळ हजारमाचीला याच कामासाठी प्रयोगशाळा आहे.

आता दुसरा प्रश्न. अमुक दिवशी अमुक वाजता भूकंप येईल असं आज जगात कुणीही सांगू शकत नाही, कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर तारीख पाठवली तर सरळ डिलीट करा. आणि मला तारखेपेक्षा घराची जास्त काळजी वाटते. किल्लारीला 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे 3:56 ला धक्का बसला, साधारण कोयनेएवढाच, पण विसर्जन करून दमून झोपलेली माणसं दगडमातीच्या जाड भिंतींखाली आणि मातीच्या जड माळवदाखाली गेली, दहा हजारांच्या जवळपास.

तर सासूबाईंचं जुनं घर दगडमातीचं असेल तर इंजिनिअरला बोलावून भिंती दाखवा, दारं-खिडक्यांच्या वर चारही भिंतींना बांधून ठेवणारा सलग काँक्रीटचा पट्टा आहे का ते विचारा, आणि माळ्यावर जड सामान असेल तर ते आजच खाली उतरवा.