पहिल्यांदाच ग्रँट मागतोयस? मग ऐक

संस्था नवीन डॉक्टरांना संशोधनासाठी पैसे देते हे खरंय, पण तू निवडलेला संशोधनाचा प्रश्न फार मोठा आहे रे. "मातामृत्यू कमी करणे" असं लिहिलंस तर कमिटी दुसरं पान उलटणार नाही. २०२३ ची ई-मोटिव्ह ट्रायल बघ, बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावावरची, केनिया, नायजेरिया, टांझानिया, दक्षिण आफ्रिका मिळून ८० हॉस्पिटलं, आणि त्यातली एक मुख्य वस्तू काय, तर खुणा केलेली प्लास्टिकची पिशवी! बाळंतिणीच्या खाली लावायची की किती रक्त गेलं ते आकड्यात दिसतं, कारण नुसत्या नजरेने अंदाज केला की बहुतेक वेळा कमीच धरला जातो, आणि उपचार सुरू व्हायला उशीर होतो. सोबत मसाज, औषधं, सलाइन सगळं एकदमच सुरू करायचं. जीवघेणा रक्तस्राव, ऑपरेशन, मृत्यू, हे सगळं एकत्र धरून ६० टक्के घटलं.

तर असा हातात धरता येईल एवढा प्रश्न घे.

आणि एथिक्स कमिटीचा, म्हणजे पेशंटवर संशोधन करायची परवानगी देणाऱ्या समितीचा, अर्ज आजच टाक. मी ते शेवटी ठेवलं होतं, पैसे मंजूर झाले आणि मी पाच महिने नुसता बसून, एक पेशंट घेता येईना. बजेटमध्ये डेटा एन्ट्रीवालाही धर, नाहीतर रात्रपाळीनंतर तूच बसशील टाइप करत.