मावशी ठेवली, तरी रात्र माझीच

प्रश्न : सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत. अर्धांगवायूने उजवी बाजू गेली, बोलणंही तुटक झालंय. नर्सिंग ब्युरोच्या मावशी, म्हणजे सांभाळायला ठेवलेल्या बाई, सकाळी ८ ते रात्री ८ येतात. पण सासूबाई त्यांच्या हातून जेवत नाहीत, उठवताना खांदा दुखतो म्हणून ओरडतात. रात्री कूस आणि पॅड बदलायला मीच उठते. नणंद फोनवर म्हणते, "बाई ठेवलीस, आता तुला काय काम?" माझं काय चुकतंय?
— एक सून, मिरज

उत्तर : ताई, तुमचं काही चुकत नाहीये. फक्त मावशींची पाळी बदला. एकाच पाळीचे पैसे परवडत असतील तर ती रात्रीची घ्या. घरोघरी शुश्रूषेला जाणारी परिचारिका म्हणून मी हेच बघत आले, की दिवसा घरात कुणी ना कुणी हाताशी असतं आणि रात्री सून एकटी पडते. रात्री ८ ला आलेल्या मावशी सकाळी ८ पर्यंत असतील, तर ७ च्या आंघोळीलाही तुम्ही दोघी असाल. आंघोळीला दोन माणसं लागतातच. मावशींच्या सुट्टीची रात्र तुमच्या यजमानांची, हे आजच ठरवून टाका.

एअर मॅट्रेस असली तरी दर २ तासांनी कूस बदलायचीच. माकडहाड आणि टाचा रोज बघा. लाल डाग बोटाने दाबल्यावर फिका होत नसेल तर डॉक्टरांना लगेच कळवा.

आता खांदा. लुळ्या बाजूचे स्नायू सैल पडले की सांधा निखळल्यासारखा खाली सरकतो, म्हणून तो हात ओढून किंवा काखेत हात घालून उठवायचं नाही, कधीच नाही. मावशींवर रागावू नका, त्यांना हे कुणी शिकवलेलं नसतं. फिजिओथेरपिस्टला एकदा घरी बोलवा आणि मावशी, तुम्ही, यजमान तिघंही शिका. इंजेक्शन, लघवीची नळी, नाकातली नळी ही कामं मात्र मावशींवर टाकू नका. त्यासाठी तेवढ्यापुरती प्रशिक्षित नर्स बोलवावी.

जेवणाचं दुखणं मला वेगळं वाटतं. उजवी बाजू जाते तेव्हा इजा मेंदूच्या डाव्या भागाला असते, आणि बहुतेकांची भाषा तिथेच असते. सासूबाईंना बहुधा कळतं बरंच, सांगता येत नाही. वरणभातावर लिंबू हवं की तूप, हे तुम्हाला न विचारता ठाऊक आहे, मावशींना कसं ठाऊक असेल? दोन्ही वाट्या समोर धरून विचारायचं, बोट दाखवलं तरी पुरे. काही दिवस मावशींना शेजारी बसवून तुम्ही भरवा, मग शेवटचे चार घास त्यांच्या हातून. ताठ बसवून, घास डाव्या गालात, आणि नंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. पाण्याने ठसका लागत असेल तर डॉक्टरांना नक्की सांगा.

दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र अजून काढलं नसेल तर काढा. सासूबाई तुमच्या यजमानांवर अवलंबून असतील, तर प्राप्तिकराच्या जुन्या करप्रणालीत ४० टक्के दिव्यांगत्वापासून ७५,००० आणि ८० टक्क्यांपासून १,२५,००० रुपयांची वजावट यजमानांना करपात्र उत्पन्नातून मिळते. मावशींच्या पगाराला तेवढाच हातभार.

नणंदबाईंना फोनवर उत्तर देत बसू नका. आईजवळ आठ दिवस राहायला बोलवा आणि त्या आठवड्यात तुम्ही माहेरी जा.