फोटोवरून काढलेला गवा पुतळ्यासारखा का दिसतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातल्या जांबोटी-कणकुंबीकडचे गवे फोटो बघून जलरंगात रंगवता, मापं बरोबर येतात, तरी जनावर निर्जीव वाटतं, निसर्गाची ओढ असली तर चित्रात फरक पडतो का?

पडतो, आणि सगळ्यात आधी पडतो तो जनावराच्या उभं राहण्यात. तुमचा फोटोच बघा. मान वर, दोन्ही कान पुढे, नजर थेट कॅमेऱ्यात. हा गवा चरत नाही, तुम्हाला जोखतोय. रस्त्याकडेला गाडी थांबवून काढलेले बहुतेक फोटो असेच. निवांत चरणाऱ्या गव्याचं डोकं पाठीच्या रेषेखाली असतं, एक कान इकडे तर दुसरा तिकडे, शेपूट माश्या वारत असते. हे दिसायला लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, दुर्बीण घेऊन तासभर गप्प बसावं लागतं. ओढ नसलेला माणूस दहाव्या मिनिटाला उठतो. (पायी जवळ मात्र जाऊ नका, आणि भीमगड अभयारण्यात परवानगीशिवाय शिरू नका.)

खिशातली वही आणि २बी पेन्सिल पुरे. एका पवित्र्याला अर्धं मिनिट: पाठीची रेषा, डोक्याचा कोन, पायांच्या जागा, बस्स. जनावर हललं की ते रेखाटन तसंच सोडून शेजारी दुसरं. थोड्या वेळानं ते जुन्या पवित्र्यात परत येतंच, तेव्हा अर्धवट राहिलेलं पुरं करा.

नावानं फसू नका. आपण गवारेडा म्हणतो, कानडीत काडुकोण, म्हणजे रानरेडाच. पण प्राणी गाय-बैलांच्या कुळातला. नाव डोक्यात ठेवून काढलं की पाठ हमखास म्हशीची येते. गव्याच्या खांद्यापासून पाठीच्या मध्यापर्यंत उंच धार असते आणि तिथे ती एकदम खाली उतरते. आत मणक्यांचे लांब काटे असतात, म्हणून ती ताठ दिसते. तिला वशिंडाची मऊ गोलाई दिलीत की संपलं. शिंगं फिकट पिवळसर, टोकं काळी. पायांतले मोजे पांढरे खरे, पण ट्यूबमधला पांढरा नको. पावसाळ्यात ते लाल चिखलानं माखलेले असतात.

काळ्या ट्यूबलाही हात लावू नका. अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) साधारण सारखे घ्या, पाणी कमी. पाठीच्या तुकतुकीत कातडीवर आभाळ उतरतं, तिथे निळा वाढवा. पोटाखाली जांभ्याची माती उजेड परतवते, तिथे सिएना. फोटोत हे सापडत नाही. जनावरानं चौकट भरली तर कॅमेऱ्याचा ऑटो एक्स्पोजर (उजेड आपोआप ठरवणारी सोय) त्याला उजळून राखाडी करतो, मागे उजेड असला तर नुसता काळा डाग उरतो. केस अगदी शेवटी, कोरड्या ब्रशनं, फक्त उजेड-सावलीच्या शिवेवर. गव्याचे केस आखूड असतात. अंगभर ओढलेत तर अस्वल होईल.

कागद ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, जाड) घ्या. जून ते सप्टेंबर खानापूर भागातल्या दमट हवेत पहिला वॉश (पातळ रंगाचा हात) लवकर वाळत नाही, वर दुसरा दिला की फुलकोबीसारखे डाग फुटतात. कागदाला हाताची मागची बाजू लावा. गार लागला तर अजून ओला आहे. उरलेले कागद सिलिका जेलच्या पुड्यांसह प्लॅस्टिकमध्ये बंद ठेवा, नाहीतर वरचं खळीचं अस्तर मरतं आणि रंग टिपकागदासारखा आत शोषला जातो.